न बघितलेले शेवट

मार्च लागला की साताऱ्यातही वाऱ्याला कोरडा चटका येतो. वाण्याच्या दुकानात नवा बेदाणा येतो, पोत्याचं तोंड उघडं असतं, आणि मी आपली तूरडाळ घ्यायला गेलेली बाई तिथे उगाच दोन मिनिटं जास्त उभी राहते. दुकानदाराला वाटतं मी भाव विचारणार. मी विचारत नाही. बेदाण्याचा तो आंबूस-गोड वास घेते आणि डाळ घेऊन निघते.

याच दिवसांत मुलांच्या परीक्षा संपत येतात आणि आमच्या सासरच्या मंडळींच्या फोनवरच्या गटात शिफारशींचा पाऊस सुरू होतो. ही मालिका बघा, पहिले दोन भाग सोसा, मग सोडवणार नाही. तो सिनेमा चुकवू नका. दीर लिहितात, जाऊ त्यावर अंगठा टाकते, पुण्याहून माझी लेक तीन-तीन नावं पाठवते. मग कोणीतरी माझी खोडी काढतं, की काकू एवढं सगळं बघतात पण कधी एक नाव सांगतील तर शपथ. खरंच आहे. मी सगळं बघते, शेवटची पाटी सरकून पडदा काळा होईपर्यंत बघते, आणि कोणालाही काहीही बघायला सांगत नाही. त्यांना वाटतं मी आतल्या गाठीची आहे. वाटू दे.

एके काळी मी पंचक्रोशीत याच कामासाठी प्रसिद्ध होते. पंचक्रोशी म्हणजे आमची बेदाण्याची शेड आणि तिथे बसणाऱ्या दहा-बारा बाया. पण सतराव्या वर्षी तेवढी पंचक्रोशी पुरते.

आमचं गाव तासगावच्या पुढे, कवठे महांकाळच्या वाटेवर. नव्वदीची मधली वर्षं. मी अकरावीला सांगलीत मावशीकडे राहून शिकत होते आणि दर शनिवारी गावी यायची. कॉलेज एकला सुटायचं, गावाकडची शेवटची एस.टी. साडेपाचला. मधल्या वेळात मैत्रिणींबरोबर तीनचा खेळ. मावशीला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, वडील माहीत नसल्यासारखं करायचे. रविवारी सकाळी मी शेडमध्ये जाऊन बसले, की बायांच्या हातातली काडी थांबायची नाही पण कान माझ्याकडे वळायचे.

ज्यांनी बेदाण्याची शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या, आत तारेच्या जाळ्या एकावर एक. द्राक्षं पोटॅशच्या पाण्यातून काढून त्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा-वीस दिवस वाऱ्यावर सोडायची. मग जाळ्या हलवून खाली पडलेला माल गोळा करायचा आणि बायांनी बसून एकेक काडी, एकेक काळा दाणा वेचायचा. गांधीलमाश्या डोक्यावर घोंगावत असतात, बोटं चिकट होतात, आणि आभाळात बोटभर ढग दिसला तरी सगळ्यांचा जीव वर येतो, कारण अवकाळी पावसाची एक सर म्हणजे वर्ष गेलं. अशा कामात तोंडाला विरंगुळा लागतो.

मी सिनेमा सांगायची. नुसता बरा आहे, वाईट आहे असं नाही. पहिल्या गाण्यापासून सांगायची, नायिकेच्या साडीच्या काठासकट. टीव्हीवरच्या मालिकाही सांगायची, कारण गावात भारनियमनाने ऐन वेळी वीज जायची आणि कोणाचाच भाग पुरा व्हायचा नाही. पण सांगायला सुरुवात करायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असे. तो सुमनबाई विचारायच्या. सुमनबाई बौद्धवाड्यातल्या, हात सगळ्यांत चपळ, नवरा फौजेत. समोर माझी वहिनी मंगल, तिचा नवरा म्हणजे माझा दादा, तोही फौजेत. बसलेल्यांतल्या निम्म्यांचा तरी कोणीतरी वर्दीत होता. सुमनबाई मान वर न करता विचारायच्या, "शेवटाला समदी हायती का गं?"

म्हणजे कोणी मरतं का. घरातून गेलेला माणूस परत येतो का. तो शिपाई असो, ड्रायव्हर असो, नाही तर बोटीवरचा खलाशी, बाहेर गेलेला गडी घरी आला पाहिजे. नाही म्हटलं तर तो सिनेमा तिथेच संपला, पुढचं कोणी ऐकायचं नाही. कोणाला भीती बोलून दाखवायची सवय नव्हती. भीतीसाठी त्यांच्याकडे हा एकच प्रश्न होता.

मी दर वेळी सांगायची, हायती.

आता माझं पाप सांगते. तीनचा खेळ पावणेसहाला सुटायचा आणि माझी गाडी साडेपाचला. पाच वाजून दहा मिनिटांनी मी दप्तर उचलून अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर पडायची आणि स्टँडकडे धावायची. त्या अख्ख्या वर्षात मी एकाही सिनेमाचा शेवट बघितला नाही. बघितला नाही म्हणून सांगणं थोडंच थांबतं. गाडी तासगावच्या पुढे द्राक्षबागांतून वळायला लागली की माझं डोकं चालू व्हायचं आणि उतरेपर्यंत शेवट तयार. सोमवारी मैत्रिणी खरा शेवट सांगायला आल्या की मी कानांवर हात ठेवायची. माझे शेवट मला जास्त पटायचे. शिवाय ते सांगून झालेले असायचे. आणि शेडमधल्या बायांपैकी सांगलीला जाऊन थेटरात बसणार होती कोण?

दिवसाढवळ्या खोटं बोलत होते, पण मला ते खोटं वाटतच नव्हतं. बायांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसायचा, आणि तो आपण उतरवला याचा मला केवढा गर्व. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढे झालं.

वहिनी मूळची उंब्रजकडची, हमरस्त्यावरच्या गावातली. तिच्या वडिलांना सिनेमाचा नाद, लेकीला सायकलवर पुढे बसवून कराडला न्यायचे. लग्न होऊन आमच्याकडे आल्यावर तीन वर्षांत तिने एक सिनेमा पाहिला नव्हता. आईने कधी नको म्हटलं नाही, पण एकट्या सुनेने थेटरात जायचं ही गोष्ट आमच्याकडे बोलायचीसुद्धा नव्हती. दादा सुट्टीवर यायचा तो नेमका छाटणीत नाही तर कोणाच्या तरी लग्नात. वहिनी मला नावाने हाक मारायची. आई तिला बजावायची की नणंदेला वन्सं म्हणावं, ती हसून हो म्हणायची आणि पुन्हा शैला. रविवारी दुपारी बाया घरी गेल्यावर ती मला तोच सिनेमा पुन्हा सांगायला लावायची. मी सांगताना ती ओठ हलवत असायची.

त्या वर्षी दादाचं पत्र आलं, मार्चमध्ये येतो. खाली माझ्यासाठी दोन ओळी होत्या, की यंदा काही झालं तरी तुझ्या वहिनीला सांगलीला सिनेमाला नेणार आहे, तू एक चांगला बघून ठेव. ते पत्र वहिनीने किती वेळा वाचलं देव जाणे. ते तिच्या उशीखाली असायचं. तिने मला एवढंच सांगितलं, की चांगला म्हणजे तुला जो लय आवडला तो.

मला आवडलेला एक होता. घाटात ट्रक चालवणारा माणूस, नवीन लग्न झालेली बायको, जुनं घर सोडवायचं म्हणून घेतलेली जास्तीची खेप. मी उठले तेव्हा पावसात त्याची गाडी घाट चढत होती आणि बायको दारात उभी होती. एस.टी.त बसून मी त्याला पहाटे घरी आणला. बायकोने चूल पेटवली, तो तिथेच शेकत बसला, बाहेर पाऊस उघडला. शेडमध्ये हे सांगितलं तेव्हा सुमनबाईंनी नाक शिंकरलं होतं. सोमवारी मैत्रीण म्हणाली, अगं तुला शेवट कळला का, आणि मी कानांवर हात ठेवले. त्या हातांचा मला अजून राग येतो.

दादा आला. पहिल्या शनिवारी दोघं सांगलीला गेली. वहिनीने लग्नातली मोरपंखी साडी नेसली होती. ती दोघं रात्री मावशीकडे राहणार होती. मी नेहमीसारखी साडेपाचच्या गाडीने गावी आले आणि मनातल्या मनात त्यांच्यासाठी खूश होते.

रविवारी दहाच्या सुमारास ती दोघं परत आली. वहिनी साडी बदलून सरळ शेडमध्ये येऊन बसली, सूप पुढे ओढलं आणि वेचायला लागली. बायांना दम कुठला. शैलीनं सांगितला तसाच हाय का, असं सगळ्यांनी एका तोंडाने विचारलं. वहिनीने बेदाण्यातून काडी काढून बाजूला टाकली आणि म्हणाली, तसाच हाय. मला कसलीच शंका आली नाही. उलट वाटलं, बघा, माझा शेवट खरा निघाला.

दुपारी पाण्याच्या पिंपापाशी हात धुताना ती माझ्या शेजारी आली. "तुमी शेवटापतुर बसत न्हाईसा न्हवं?" तिने विचारलं. मी पुन्हा पिंपात तांब्या बुडवला. ती हळू आवाजात म्हणाली, "त्याची गाडी दरीत जाती, वन्सं. आन मी तुमच्या भावाचा हात धरून बसले हुते. त्ये हसले. म्हणले, काय यडी हाय, खोटं असतंय ती. मला न्हाई हसायला आलं."

तिने मला वन्सं म्हटलं ते माझ्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली. त्यानंतर घरात काही बदललं नाही. ती माझ्या केसांना तेल लावायची, माझ्या डब्यात चटणी द्यायची. फक्त सिनेमा सांग म्हणायची बंद झाली. मी तिला चिडून म्हणाले असते, की एवढं काय, सिनेमाच आहे, तर बरं झालं असतं. भांडण होऊन मिटलं असतं. पण मलाही कुठेतरी कळत होतं की मी तिला नुसता सिनेमा सांगितला नव्हता. तिच्या वाट्याच्या तीन तासांत तिला जी एक गोष्ट बघायची नव्हती, तिच्यापुढेच तिला नेऊन बसवलं होतं, आणि तेही तिच्या माणसाशेजारी.

सुट्टी संपली, दादा गेला. त्याची नेमणूक वर काश्मीरकडे होती. एप्रिल उजाडला, माझी परीक्षा संपली आणि मी गावी येऊन राहिले. शेडमध्ये माल अजून होता आणि दुपारी आभाळ भरून यायला लागलं होतं. आई सारखी बाहेर येऊन पश्चिमेकडे बघायची.

अशाच एका दुपारी दुकानातून निरोप आला की फोन आलाय. गावात फोन तेवढाच. मी पळत गेले. दादाच्या पलटणीतला त्याचा मित्र बोलत होता, तो एकदा दादाबरोबर घरी येऊन गेला होता म्हणून मी आवाजावरून ओळखलं. तो म्हणाला, शैला का, घाबरू नका, पायाला लागलंय, दवाखान्यात हाय, पण. आणि लाइन गेली. मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिले. मग खाली ठेवून तासभर तिथे बसले. फोन पुन्हा वाजला नाही.

दुकानापासून शेडपर्यंत पाच मिनिटांची वाट. त्या पाच मिनिटांत मी काय केलं हे मला आजही कोणाला सांगताना लाज वाटते. मी पुढचं रचलं. सवयच होती. शेडमध्ये पोचले तेव्हा दादाच्या पायाला थोडं लागलं होतं, टाके घातले होते, पंधरा दिवसांत तो हिंडूफिरू लागणार होता. आईने देवापुढे साखर ठेवली. बाया हुश्श झाल्या. मलाही बरं वाटलं, इतकं की मी स्वतःच त्यावर विश्वास ठेवला.

वहिनीने सूप खाली ठेवलं. "फोन कुणी ठिवला, वन्सं? त्यांनी का तुमी?"

मी म्हटलं, लाइन गेली.

"काय म्हणत हुते तवा गेली?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्या डोळ्यांकडे बघून नाही आलं. मी म्हटलं, "पण."

त्या एका शब्दाने शेडमधल्या सगळ्यांचे हात थांबले. वहिनी उठून घरात गेली आणि तिच्या पेटीतून एक चिठ्ठी काढून आणली. दादाने जाताना पलटणीचा नंबर देऊन ठेवला होता, अगदीच नड असली तर कर म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तासगावला गेलो. स्टँडजवळच्या एस.टी.डी. बूथमध्ये तीन तास नंबर लागत नव्हता. आमच्या मागे द्राक्षाचे व्यापारी ताटकळत होते, ते एकेक करून दुसरीकडे गेले. अखेर लागला तेव्हा वहिनी आत गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. मी आत येऊ का म्हणून खूण केली, तिने मान हलवून नको म्हटलं. ती हिंदीत बोलत होती, वडिलांबरोबर कराडला बघितलेल्या सिनेमांतली हिंदी. "सच बोलिये, पूरा बोलिये," एवढं मला काचेतून ऐकू आलं. नंतर ती नुसती ऐकत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. पदर खांद्यावर नीट होता आणि एक हात भिंतीवर टेकलेला.

बाहेर आली ती म्हणाली, बरं हायती, टाकं घातल्यात, महिनाभरानं येत्याल. मी सांगितलं होतं जवळपास तेच. मला एवढा आनंद झाला की मी स्टँडवरच रडले. तिने मला उसाचा रस पाजला. घरी आल्यावर आईला तिने तेच सांगितलं, शेडमध्ये तेच. या वेळी सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण सांगणारी वहिनी होती.

मधले पाच आठवडे मला नीट आठवतात. अवकाळी दोनदा येऊन हुलकावणी देऊन गेला. माल भरून झाला. शेवटच्या चार दिवसांत कधीतरी बायांनी सिनेमा सांगायचा आग्रह धरला आणि मला एक शब्द सुचेना. तेव्हा वहिनीने सांगायला सुरुवात केली. तोच घाटातल्या ट्रकचा. पावसापर्यंत मी सांगितला तसाच सांगितला आणि पुढे न थांबता त्याला दरीत नेलं. त्याच्या बायकोच्या दारापर्यंत, दुसऱ्या दिवशीच्या उन्हापर्यंत सगळं सांगितलं. कोणी तिला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर सुमनबाई बराच वेळ वेचत राहिल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरं सांगितलं असतंस तरी ऐकलं असतं गं आमी."

मला वाटलं होतं त्यांना सोसणार नाही. कोणाला काय सोसेल हे मी सतराव्या वर्षी परस्पर ठरवून टाकलं होतं. आजही शिफारशी करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो आणि भीतीही वाटते. तू हे बघ, असं म्हणताना आपण समोरच्याचे तीन तास हातात घेतो, आणि त्याच्या मनात त्या वेळी काय चाललं आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. लेकीला हे एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, आई, सिनेमा आहे गं तो. तिचंही बरोबर आहे.

मेच्या अखेरीला दादा आला. मिरज स्टेशनवरून भाड्याची जीप करून त्याचा तो मित्र त्याला घेऊन आला. जीप अंगणात थांबली, आधी दोन कुबड्या बाहेर आल्या, मग दादा. डाव्या गुडघ्याखाली पँट दुमडून टाचणी लावली होती. आई पायरीवर खाली बसली. मला आठवतं, मी आधी दादाकडे बघितलं नाही, वहिनीकडे बघितलं. ती जागची हलली नव्हती. तिच्या तोंडावर काही नवीन नव्हतं.

आईनेही ते बघितलं. "तुला ठावं हुतं?" तिने विचारलं.

"व्हय."

"कवापस्नं?"

"तासगावात फोन केला तवापस्नं." वहिनी आईच्या शेजारी टेकली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "आवं आत्या, पाय गेला एवढंच ऐकलं असतंसा तर महिनाभर नुसता पायच दिसला असता. आधी त्यांस्नी बघा. पायाचं मागनं बघू."

पाच आठवडे ती माझ्याशेजारी बसून बेदाणा वेचत होती, माझ्या केसांना तेल लावत होती, माझं हसणं ऐकत होती. तीही आम्हाला खोटंच सांगत होती. पण तिने आधी सगळं ऐकून घेतलं होतं आणि ते एकटीने सोसलं होतं. मी मात्र ऐकायचं टाळून लोकांना धीर देत आले होते. हा फरक मला त्या अंगणात कळला आणि त्याने मला एवढं लहान केलं की मी दाराआड सरकले.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. कुबड्या सावरत तो ओट्यावर येऊन बसला, सगळ्यांची रडवेली तोंडं त्याला बघवेनात. त्याने मला शोधलं, नेहमीसारखं हसला आणि मोठ्याने विचारलं, की काय गं शैले, सांगलीत काय लागलंय, तुझ्या वहिनीला दाखवण्याजोगं?

एक नाव माझ्या जिभेवर तयार होतं. मैत्रिणींनी सांगितलेलं. शेवट गोड आहे म्हणे. सगळे माझ्याकडे बघत होते, वहिनीसुद्धा.

"ठावं न्हाई, दादा," मी म्हटलं. "मी बघितलेला न्हाई."